सीम घ्यावं, ईडीआर घ्यावं की दोन्ही? व्यवसायासाठी धोके पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना

सर्व्हररूम

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीत साधारण अडीचशे कॉम्प्युटर, वीसेक सर्व्हर, दोन फायरवॉल आणि क्लाउडवरचं ईमेल एवढा पसारा आहे. आयटीत आम्ही तिघं. अँटिव्हायरस सगळीकडे आहे, बॅकअप रोज होतो. पण उद्या कुणी चोरलेल्या पासवर्डनं आत शिरलं आणि गुपचूप बसून राहिलं, तर ते आम्हाला कळेल असं आमच्याकडे काहीही नाही. ही गोष्ट मला बरेच दिवस खातेय. आता बजेट मंजूर होण्याची चिन्हं आहेत, म्हणून शोध सुरू केला.

वाझू, इलास्टिक, स्प्लंक, मायक्रोसॉफ्ट सेंटिनल, क्यूरडार, क्राउडस्ट्राइक, सेंटिनलवन अशी नावं समोर आहेत. काहींचे डेमो पाहिले. प्रत्येकात जगाचा नकाशा, त्यावर लाल ठिपके, आणि 'आमचं एआय सगळं पकडतं' हे वाक्य. तुलनेचा तक्ता करायला घेतला तर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण येतेय, त्यामुळे निवड करायची कशावरून तेच कळेना. ज्यांनी ही सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवली आहेत त्यांनी सांगावं: तुमच्या लेखी खरा फरक कुठं पडतो?

रात्रपाळी

तो तक्ता माहितीपत्रकांवरून बनलाय, म्हणून त्यात सगळीकडे खुणा येतात. बाजूला ठेवा तो. मी सॉकमध्ये, म्हणजे सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, अलर्ट तपासण्याचं काम करते, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी जाती वेगळ्या करा, कारण तुमच्या यादीत एकाच जातीची उत्पादनं नाहीत. सीम सगळीकडचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एका जागी आणून त्यांची सांगड घालतं. स्प्लंक, सेंटिनल, क्यूरडार आणि इलास्टिक त्यात येतात. ईडीआरचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येक मशीनवर बसतो. कुठली प्रोसेस कुणी सुरू केली, तिनं कोणत्या फाइलला हात लावला, बाहेर कुठं कनेक्शन केलं हे तो टिपतो आणि वेळ पडली तर ते मशीन नेटवर्कपासून तोडतो. क्राउडस्ट्राइक फाल्कन, सेंटिनलवन, डिफेंडर फॉर एंडपॉइंट ही त्यातली नावं. एक्सडीआरमध्ये ईडीआरलाच ईमेल, युजर खाती आणि क्लाउड यांची जोड दिलेली असते. एमडीआर मात्र सॉफ्टवेअर नव्हे, सेवा आहे. तुमचे अलर्ट दुसरीकडे बसलेली माणसं चोवीस तास बघतात. वाझू आणि इलास्टिक या दोघांचा एक पाय सीममध्ये आणि एक एंडपॉइंटवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, आहे, म्हणून त्यांची तुलना करताना गोंधळ होतो.

आता खरा फरक. माझ्या मते तो दोनच ठिकाणी पडतो: सॉफ्टवेअरपर्यंत कोणते लॉग पोचतात आणि अलर्ट आल्यावर तो कोण बघतं. बाकीची वैशिष्ट्यं या दोहोंच्या नंतर. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. त्यांच्याकडे फायरआय या सुरक्षा कंपनीची महागडी यंत्रणा होती आणि तिनं मालवेअरबद्दल इशारेही दिले होते. त्या इशाऱ्यांवर वेळेत हालचाल झाली नाही. म्हणजे पकडण्याचं काम सॉफ्टवेअरनं केलं होतं.

तुम्ही तिघं आहात. शनिवारी रात्री दोनला अलर्ट आला तर कोण उठणार, हे आधी लिहून काढा. उत्तर 'कुणी नाही' असेल तर सीमच्या तुलनेत वेळ घालवण्याआधी एमडीआरची चौकशी करा.

एकखांबी

रात्रपाळी यांच्याशी सहमत, आणि मी आणखी एक पाऊल पुढं जाऊन म्हणेन की तिघांच्या टीमनं सीमच्या वाटेला जाऊच नये. चांगलं ईडीआर, त्यावर एमडीआर, सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी, संपलं. सीम लावणं सोपं असतं, पण रूल (काय दिसलं की अलर्ट द्यायचा ते) लिहा, खोटे अलर्ट कमी करा, नवीन सर्व्हर आला की त्याचे लॉग जोडा, हे काम कधी थांबत नाही. त्यासाठी वेगळा माणूस लागतो. मोठ्या हौसेनं लावलेली सीम दोन वर्षांत ओसाड पडलेली मी पाहिली आहेत. डिस्क भरलेली, एजंट अर्धे बंद, डॅशबोर्ड कुणी उघडत नाही.

लॉगबुक

एकखांबी, ओसाड पडण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, निष्कर्षाबद्दल नाही. ईडीआरला फक्त त्याचा एजंट बसलेली मशीन दिसतात. फायरवॉलवर एजंट बसत नाही, व्हीपीएनवर (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेवर) बसत नाही, प्रिंटर आणि स्टोरेजच्या डब्यावर बसत नाही. चोरलेल्या पासवर्डनं व्हीपीएनमधून आत आलेल्या माणसाची पहिली खूण व्हीपीएनच्या लॉगमध्ये असते. तो लॉग उपकरणाच्याच छोट्याशा मेमरीत राहिला तर काही दिवसांत पुसला जातो. मग महिनाभरानं कुणी विचारलं की हा कधी आणि कुठून आला, तर उत्तर देता येत नाही. पूर्ण सीम नको असेल तर नका घेऊ, पण लॉग एका जागी साठवायला हवेतच.

माझा अनुभव वाझूचा, म्हणून त्याबद्दल जरा विस्तारानं. ते मुक्त-स्रोत आहे, ओसेक या जुन्या प्रकल्पातून २०१५ मध्ये फुटून निघालेलं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, एजंटमागे शुल्क नाही. मॅनेजर, इंडेक्सर आणि डॅशबोर्ड असे तीन भाग. अडीचशे मशीनसाठी हे सगळं एका सर्व्हरवरही बसतं, फक्त मेमरी आणि वेगवान डिस्क द्यायला हात आखडता घेऊ नका. फाइलमधले बदल टिपणं, मशीनवरच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्ञात त्रुटींची यादी देणं, सेटिंग सुरक्षित आहेत का ते तपासणं हे सोबतच येतं.

पण तुलनेच्या तक्त्यात कधी दिसत नाहीत अशा गोष्टी सांगतो. वाझू मुळात फक्त तेच इव्हेंट साठवतं ज्यांच्यावर एखादा रूल लागला. बाकीचे तपासून सोडून देतं. सगळे लॉग साठवण्याची सोय आहे, पण ती सुरुवातीला बंद असते. म्हणजे आज नवीन हल्ल्याची बातमी आली आणि 'मागच्या महिन्यात आपल्याकडे हे घडलं होतं का' असं शोधायला गेलात, तर कदाचित काहीच सापडणार नाही, आणि न सापडण्याचा अर्थ 'घडलं नव्हतं' असा नसेल. विंडोज एजंटसुद्धा सुरुवातीला ॲप्लिकेशन, सिस्टिम आणि सिक्युरिटी हे तीनच चॅनेल वाचतो, तेही सिक्युरिटीमधले ५१४५, ५१५६, ४६६३ अशा क्रमांकांचे गर्दी करणारे इव्हेंट गाळून. सिसमॉन या तपशीलवार नोंदी ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा चॅनेल हातानं जोडावा लागतो.

यात वाझूचा दोष नाही. डिस्क वाचवण्यासाठी केलेली निवड आहे ती. पण पैसे देऊन घेतलेल्या उत्पादनालाही हाच प्रश्न विचारा: रूल न लागलेले इव्हेंट तुम्ही ठेवता का, आणि किती दिवस?

क्लाउडवाली

ज्यांचं ईमेल आणि फाइल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहेत त्यांच्यासाठी सेंटिनल आणि डिफेंडर ही जोडी नीट तपासून पाहण्यासारखी आहे. सर्व्हर सांभाळावा लागत नाही. आकारणी आत येणाऱ्या डेटाच्या जीबीवर होते. ऑफिस ३६५ चे ऑडिट लॉग, अझूर ॲक्टिव्हिटी आणि डिफेंडरचे अलर्ट आत घ्यायला पैसे पडत नाहीत, पहिल्या ९० दिवसांची साठवणही त्यातच येते. मात्र लॉगिनचे लॉग फुकट नाहीत आणि फायरवॉलचा सगळा ट्रॅफिक जसाच्या तसा ओतला तर बिल भराभर चढतं. त्यामुळे काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. केक्यूएल ही शोधभाषा शिकायला लागते. माझ्या मते ती स्प्लंकच्या एसपीएलपेक्षा लवकर हातात बसते, पण ज्यांचा हात एसपीएलवर बसलाय ते हे मान्य करणार नाहीत.

रात्रपाळी यांच्या 'कोणते लॉग पोचतात' या मुद्द्याला एक जोड देते. २०२३ मध्ये स्टॉर्म-०५५८ नावानं ओळखल्या गेलेल्या गटानं मायक्रोसॉफ्टची एक चोरलेली सही-किल्ली (लॉगिन खरं असल्याची ग्वाही देणारी) वापरून अमेरिकी सरकारी खात्यांचे ईमेल वाचले. ते परराष्ट्र खात्यातल्या लोकांनी पकडलं. कुणी कोणता मेल उघडला याची नोंद ठेवणारा ऑडिट लॉग त्यांच्याकडे होता आणि त्यावर त्यांनी स्वतः लिहिलेला रूल होता. तो लॉग तेव्हा फक्त वरच्या दर्जाच्या लायसन्समध्ये मिळत असे. इतर ग्राहकांना हाच हल्ला स्वतःहून पकडता आला नसता. नंतर टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं ते लॉग खालच्या लायसन्समध्येही द्यायला सुरुवात केली. म्हणून कोणत्याही क्लाउड सेवेबद्दल विचारा: तुमच्या कोणत्या नोंदी माझ्या लायसन्समध्ये येत नाहीत?

हिशेबनीस

मी खरेदीच्या बाजूला असतो, तांत्रिक माणूस नाही. पण या सॉफ्टवेअरांचे करार बरेच वाचले आहेत.

किमतीची तुलना थेट होत नाही कारण मोजमापच वेगळं आहे. स्प्लंक आणि सेंटिनल प्रामुख्यानं डेटाच्या आकारमानावर, क्यूरडार पारंपरिकपणे सेकंदाला किती इव्हेंट यावर, ईडीआर बहुतेक मशीनच्या संख्येवर. सगळं एका मापात आणायचं तर गणित असं: सेकंदाला ५०० इव्हेंट, प्रत्येकी सरासरी ५०० बाइट, तर दिवसाला साधारण २१.६ जीबी. विंडोजचे इव्हेंट याहून बरेच मोठे असतात, त्यामुळे आकडा सहज दुप्पट होतो. विक्रेत्याच्या अंदाजपत्रकावर विसंबू नका. आठवडाभर साध्या सिसलॉग सर्व्हरवर लॉग गोळा करा आणि फाइलींचा आकार बघा. आठवडा यासाठी की सोमवार सकाळ आणि रविवार रात्र यांत खूप फरक असतो.

जीबीवर पैसे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक परिणाम मला फार खटकतो. हल्ला होतो तेव्हा लॉग वाढतात. नेमक्या त्या दिवशी मर्यादा ओलांडली तर काय होतं, जास्तीचं बिल येतं की डेटा घेणं थांबतं की शोध बंद होतो, हे करारात लिहून घ्या.

दुसरं, उत्पादनाचा मालक बदलतो. सिस्कोनं स्प्लंक २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे २८ अब्ज डॉलरना घेतलं. त्याच वर्षी क्यूरडारचा क्लाउडवरचा भाग आयबीएमकडून पालो आल्टो नेटवर्क्सकडे गेला आणि तिथल्या ग्राहकांना दुसऱ्या उत्पादनाकडे वळवलं जाऊ लागलं. लॉगऱ्हिदम आणि एक्झाबीम या सीम कंपन्याही त्याच वर्षी एकत्र आल्या. त्यामुळे सोडून जाताना माझे जुने लॉग कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळतील, हे कलम सही करण्याआधीच पाहिजे.

सर्व्हररूम

एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, मनापासून आभार. हिशेबनीस, तुमचं गणित आजच वापरतोय. लॉगबुक, व्हीपीएनचा मुद्दा आमच्याबाबत शब्दशः खरा आहे. आमच्या फायरवॉलमध्ये फार जुना लॉग राहतच नाही.

आता पुढचा प्रश्न. दोन-तीन उत्पादनं महिनाभर चाचणीला घेता येतील. चाचणी घ्यायची कशी? नुसती बसवून ठेवली तर महिनाभरात खरा हल्ला होईलच असं नाही. आणि एमआयटीआरई या अमेरिकी संस्थेच्या चाचण्यांचे निकाल दाखवून प्रत्येक जण 'आम्ही पहिले' म्हणतोय, त्याचं काय करायचं?

रात्रपाळी

एमआयटीआरई क्रमांक देतच नाही. कोणत्या पायरीवर कोणत्या उत्पादनाला काय दिसलं एवढंच प्रसिद्ध करते, 'पहिले' हे शब्द विक्रेत्याच्या जाहिरात विभागाचे. तरी निकाल उपयोगाचे आहेत. थेट त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघा की पकडलं ते आपोआप पकडलं की सेटिंग बदलल्यावर. २०२४ च्या फेरीपासून खोटे अलर्ट आणि अलर्टची एकूण संख्याही मोजायला लागले आहेत. ते आकडे जरूर बघा, कारण सगळ्यावरच बोंब मारणारं सॉफ्टवेअर शंभर टक्के 'पकडतं'च.

चाचणीसाठी अटॉमिक रेड टीम हा मुक्त-स्रोत संच वापरा. एमआयटीआरई अटॅक या हल्ल्याच्या तंत्रांच्या यादीतल्या एकेका तंत्रासाठी त्यात छोट्या चाचण्या आहेत. वेगळं काढलेलं मशीन घ्या, वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या, आणि मोजकीच तंत्रं निवडा: पॉवरशेल या विंडोजला आज्ञा देण्याच्या साधनातून सांकेतिक रूपात दिलेली आज्ञा, मेमरीतून पासवर्ड काढणं, नवीन शेड्यूल्ड टास्क, शॅडो कॉपी (विंडोजनं राखलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसणं, इव्हेंट लॉग साफ करणं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या बहुतेक घटनांत यातलं काही ना काही असतंच.

आता 'पकडलं की नाही' एवढ्यावर थांबू नका. अलर्ट उघडल्यावर काय दिसतं ते बघा. एका तुलनेत आम्ही वर्डच्या फाइलमधून पॉवरशेल सुरू होईल अशी चाचणी दोन उत्पादनांवर चालवली. दोघांनीही पकडलं. पहिल्याच्या अलर्टमध्ये मशीनचं नाव, वेळ आणि 'संशयास्पद पॉवरशेल' एवढंच. दुसऱ्यात पूर्ण साखळी: आउटलुकनं वर्ड उघडलं, वर्डनं पॉवरशेल, आज्ञा उलगडून वाचता येईल अशी, तिनं कोणत्या पत्त्यावर कनेक्शन केलं, आणि तीच फाइल आणखी कुणाकुणाच्या मशीनवर आहे ती यादी. पहिल्यात हे सगळं शोधायला मला चार ठिकाणी जावं लागलं. दुसऱ्यात मशीन तोडण्याचं बटण त्याच पानावर होतं. माहितीपत्रकात दोघांपुढेही एकच बरोबरची खूण होती.

आणि रोजचा कचरा कसा हाताळला जातो तेही बघा. उदाहरण देते. विंडोजचा ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन. कुठल्यातरी शेड्यूल्ड टास्कमध्ये जुना पासवर्ड राहून गेला की एकच खातं, एकाच मशीनवरून, दर काही मिनिटांनी फसत राहतं. हजारो नोंदी, धोका शून्य. उलट खरा पासवर्ड-स्प्रे असा दिसतो: एकाच ठिकाणाहून पन्नास खाती, प्रत्येकावर एक किंवा दोनच प्रयत्न. एकूण संख्या कमी, म्हणून 'पाच मिनिटांत दहा वेळा फसलं तर अलर्ट' हा सोपा रूल पहिल्यावर ओरडतो आणि दुसऱ्याला सोडतो. याच नोंदीतला सब-स्टेटस कोड बघितला तर पासवर्ड चुकला की तसा युजरच अस्तित्वात नाही, हे कळतं. नसलेली नावं मोठ्या संख्येनं दिसली की कुणीतरी यादी घेऊन बसलंय हे समजावं. विक्रेत्याला सांगा, माझ्यासमोर असा रूल लिहून दाखव: एकाच पत्त्यावरून अनेक वेगळी खाती. त्याला किती वेळ लागतो ते बघा. पुढं तेवढाच वेळ तुम्हाला लागणार आहे.

पाकीटतपासणी

चर्चेत नेटवर्कचा विषय मागे पडलाय म्हणून लिहितोय. २०२५ मध्ये अकिरा या रॅन्समवेअर टोळीचं एक प्रकरण जाहीर झालं. तिथं ईडीआरनं त्यांचं रॅन्समवेअर सर्व्हरवर अडवलं होतं. मग टोळीनं नेटवर्कमध्ये शोधाशोध करून एक वेबकॅम गाठला. त्यात लिनक्सची छोटी आवृत्ती, एजंट नाही, त्रुटी उघड्या. त्या वेबकॅमवरून त्यांनी शेअर केलेले फोल्डर एसएमबी या फाइल शेअर करण्याच्या पद्धतीनं उघडले आणि फाइली कुलूपबंद केल्या. ईडीआर जिथं होतं तिथं ते चोख चाललं होतं.

एक कॅमेरा अचानक फाइल सर्व्हरशी एसएमबीवर बोलायला लागला, हे नेटवर्क बघणाऱ्या कुठल्याही साधनाला दिसतं. सुरिकाटा आणि झीक दोन्ही मुक्त-स्रोत आहेत. सुरिकाटा ओळखीच्या खुणांवर अलर्ट देतं. झीक प्रत्येक कनेक्शनची, डीएनएस विचारणेची, प्रमाणपत्राची नीटस नोंद करतं. सिक्युरिटी अनियनमध्ये दोन्ही तयार मांडलेली मिळतात. त्यांना स्विचवर मिरर पोर्ट, म्हणजे वाहतुकीची प्रत देणारा पोर्ट, द्यावा लागतो. हल्ली बहुतेक वाहतूक सांकेतिक असते त्यामुळे आतला मजकूर दिसत नाही हे खरं, पण कोण कुणाशी, केव्हा, किती बोललं हे दिसतं. मात्र सर्व्हररूम, तुमच्यासारख्या ठिकाणी पहिलं काम कॅमेरे आणि प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकण्याचं आहे. त्याला कुठलंच लायसन्स लागत नाही.

चौकस

एआयबद्दल कुणी बोललं नाही. वर्तन शिकून वेगळेपणा ओळखणारी ही वैशिष्ट्यं खरंच कामाची असतात का?

रात्रपाळी

काही ठिकाणी असतात. एखादं खातं नेहमी दिवसा एकाच ठिकाणाहून वापरलं जातं आणि अचानक पहाटे वेगळ्या देशातून, हे पकडायला ती बरी. पण शिकायला त्यांना काही आठवडे लागतात, आणि घुसखोर आधीपासूनच आत असेल तर त्याचं वागणंही 'नेहमीचं' म्हणून शिकलं जातं. महिनाअखेरीला हिशेब खात्याची धावपळ त्यांना दर वेळी विचित्र वाटते.

सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून अनेक संस्थांत घुसखोरी झाल्याचं प्रकरण २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालं, ते फायरआयच्या लोकांमुळे. एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुहेरी पडताळणीसाठी दुसरा फोन जोडला गेल्याची सूचना आली. तिथल्या माणसानं त्या कर्मचाऱ्याला विचारलं, हा फोन तुमचा का? तो म्हणाला, नाही. तिथून पुढं सगळं उलगडत गेलं. हा रूल कुठल्याही सीममध्ये लिहिता येतो. मात्र कुणीतरी विचारायला हवं.

एजंटवाला

अजून एक बाजू: हे सॉफ्टवेअरच बंद पडलं किंवा त्यानंच मशीन पाडलं तर?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. ज्यांनी सेन्सरची, म्हणजे तिथल्या एजंटची, आवृत्ती मुद्दाम एक पाऊल मागे ठेवली होती त्यांचीही गेली, कारण सदोष फाइल सेन्सरच्या आवृत्तीची नव्हती, धोके ओळखण्यासाठीच्या मजकुराची होती आणि ती सगळ्यांना एकदम पोचली. त्यानंतर त्या अपडेटवरही ग्राहकाला ताबा मिळू लागला. उत्पादन कोणतंही असो, दोन्ही तऱ्हेची अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडता येतात का ते विचारा, आणि आधी बिनमहत्त्वाच्या मशीनवर सोडा.

मुकं पडण्याचं उदाहरण म्हणजे इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतल्या चोरीचं २०१७ चं प्रकरण. वाहतूक उलगडून तपासणाऱ्या उपकरणाचं प्रमाणपत्र संपलं होतं आणि महिनोन् महिने तसंच राहिलं. उपकरण चालू, पण त्याला काही दिसत नव्हतं. प्रमाणपत्र बदललं त्याच दिवशी संशयास्पद वाहतूक नजरेस आली, तोवर चोर ७६ दिवस आत होते. म्हणून माझा पहिला रूल नेहमी हाच असतो: ज्या स्रोताकडून तासाभरात एकही लॉग आला नाही त्याचा अलर्ट द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा तयार मिळत नाही, लिहावा लागतो. तुलनेत हा प्रश्न जरूर ठेवा. आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीनं जुळवा, नाहीतर घटनाक्रम लावताना व्हीपीएनचं लॉगिन सर्व्हरवरच्या चोरीनंतर झालेलं दिसतं.

एकखांबी

लॉगबुक आणि पाकीटतपासणी यांचं वाचून माझं मत थोडं बदलतो. लॉग साठवावेत हे मान्य. पण रूलचा पसारा तरीही मांडू नये. दहा रूल ठेवा, जे वाजले की माणूस खरंच उठेल असे. प्रशासकांच्या गटात नवीन खातं, म्हणजे विंडोजचा इव्हेंट ४७२८ किंवा ४७३२. सिक्युरिटी लॉग साफ केला, म्हणजे ११०२. सर्व्हरवर नवीन सर्व्हिस, म्हणजे ७०४५. ईमेल परस्पर बाहेर पाठवण्याचा नियम. व्हीपीएनवर अनोळखी देशातून यशस्वी लॉगिन. मुका पडलेला स्रोत. एवढ्यापासून सुरुवात करून मग सिग्माच्या सार्वजनिक संग्रहातून एकेक घ्या. सिग्माचे रूल एका सामायिक स्वरूपात असतात आणि स्प्लंक, इलास्टिक, सेंटिनल यांच्या भाषेत बदलून घेता येतात, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत वाया जात नाही.

लॉगबुक

हे अगदी पटलं. त्यात एकच भर. प्रोसेस सुरू झाल्याची ४६८८ ही नोंद विंडोजमध्ये सुरुवातीला चालू नसते, आणि चालू केली तरी पूर्ण कमांड लाइन त्यात येत नाही; त्यासाठी ग्रुप पॉलिसीत वेगळं सेटिंग आहे. पॉवरशेलच्या ४१०४ या नोंदीसाठीही स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग चालू करावं लागतं. ही सेटिंग न करता कितीही महागडं सीम आणा, त्याला 'पॉवरशेल सुरू झालं' एवढंच कळेल. चाचणी सुरू करण्याआधी हे करा, नाहीतर सगळीच उत्पादनं सारखी वाईट दिसतील.

सर्व्हररूम

आमचं असं ठरतंय: पहिल्या टप्प्यात ईडीआर आणि त्यावर एमडीआर, दोन उत्पादनं महिनाभर शेजारी शेजारी, रात्रपाळी यांनी सांगितलेल्या चाचण्यांसह. सोबत फायरवॉल, व्हीपीएन, डोमेन कंट्रोलर (कंपनीची सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) आणि ईमेलचे लॉग वाझूमध्ये, सगळे लॉग साठवण्याची सोय चालू करून, आणि एकखांबींचे दहा रूल. कॅमेरे या आठवड्यातच वेगळ्या व्हीलॅनमध्ये जातायत. राहिला प्रश्न: लॉग किती दिवस ठेवायचे?

हिशेबनीस

कार्डांचे व्यवहार करत असाल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा नियम स्पष्ट आहे: १२ महिने, त्यातले शेवटचे तीन महिने लगेच शोधता येतील असे. कार्डांचा संबंध नसला तरी हे माप चांगलं आहे. तुमचं ईमेल मायक्रोसॉफ्टकडे असेल तर साध्या लायसन्समध्ये ऑडिट नोंदी १८० दिवस राहतात. त्यापुढचे हवे असतील तर बाहेर काढून ठेवावे लागतील. त्याखेरीज तुमच्या क्षेत्राचे आणि ग्राहकांच्या करारातले नियम बघा.

रात्रपाळी

आणि तो लॉग सर्व्हर डोमेनला जोडू नका. त्याचं प्रशासक खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, दुहेरी पडताळणी चालू, आणि रोजची प्रत अशा ठिकाणी जिथून ती ठरावीक मुदतीआधी कुणालाच पुसता येणार नाही. डोमेनचा प्रशासक झालेला घुसखोर बॅकअपबरोबर लॉगही पुसायला जातो. एमडीआरवाल्यांनाही विचारून ठेवा की मशीन तोडण्याचा निर्णय ते स्वतः घेणार की तुम्हाला फोन करणार; फोन करणार असतील तर तिघांचे नंबर, कुणी उचलला नाही तर पुढचा कोण, आणि कोणत्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही यादी चाचणीच्या पहिल्या दिवशीच द्या.